आप्पा, धार थांबली होती

आप्पा, तुम्ही गेलात आणि आपल्या चॅनलचे व्ह्यूज वाढले. ही बातमी तुम्हाला आधी देते, कारण ती ऐकून तुम्ही टोपी मागे सरकवून खदाखदा हसला असता. "मेल्या म्हशीला मणभर दूध, पोरी," असं म्हणाला असता आणि लगेच विचारलं असतं, "कंचा व्हिडिओ बगत्यात?"

तोच बघतायत. पोटफुगीचा. हिरवा घास जास्त खाऊन गाय फुगली तर तिला गोडेतेल कसं पाजायचं, तो. ज्याच्यावरून आपण शेवटचं भांडलो, तो.

म्हणून सासरे गेल्यावर सुनेनं जे लिहायचं असतं ते मला लिहिता येत नाहीये. गावातल्या बोर्डावर सगळ्यांनी लिहिलंय, न भरून येणारी पोकळी निर्माण झाली. माझ्या पोटात पोकळीबिकळी काही नाही, गोळा आहे. सकाळी उठले की आधी फोन उघडते. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली असते, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्या रांगेत मध्येच कुणीतरी लिहून जातं, 'खूप छान माहिती आप्पा, आमच्या गाईला आजच पाजून बघतो.' तो 'आजच' मी पुन्हा पुन्हा वाचते. तुमच्यासाठी रडायला बसावं म्हटलं तर आधी कुणाची तरी गाय आठवते. रडूसुद्धा नीट देत नाही तुम्ही मला.

तुम्ही कमेंटी कधी वाचल्या नाहीत. त्या वाचायच्या नसतात, ऐकायच्या असतात, असा तुमचा नियम. संध्याकाळी बाकीच्या गाईंना मशीन लावलं की तुम्ही ठकीच्या खाली बादली घेऊन बसायचा. ठकीला मशीन चालत नाही, ती लाथ मारते, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचा. मला तर वाटतं लाथ मारायला तिला तुम्हीच शिकवलं असणार, रोज तिच्याजवळ बसता यावं म्हणून. मी पेंडीच्या पोत्यावर बसून एकेक कमेंट मोठ्यानं वाचायची आणि त्यातून पुढचा व्हिडिओ कशावर करायचा ते ठरायचं.

सुरुवातीला माझी पद्धत वेगळी होती. कुठला प्रश्न जास्त लोक विचारतात ते बघायचं आणि तो विषय घ्यायचा. सगळे चॅनलवाले तसंच करतात. मी तुम्हाला तसं समजावून सांगितलं तर म्हणालात, "जे समदी विचारत्यात त्येचं उत्तर समद्यांना ठावं असतंय. त्यांना निस्तं बोलायचं असतंय." मी म्हटलं, "मग तुमी कसं ठरवणार?" तर म्हणालात, "तू वाच की."

तुम्ही कसं ठरवता ते मला कळायला बरेच महिने लागले, आणि कळल्यावर मी ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आज सांगते. तुम्ही तोंडानं काहीही म्हणायचा, 'हां' म्हणायचा, 'बरं' म्हणायचा, त्याला काही अर्थ नव्हता. मी धारेचा आवाज ऐकायची. पेंड कुठली चांगली, चारा किती घालायचा, दुधाला दर काय, हे वाचत गेले तरी बादलीतला आवाज एकसारखा चालू. मग लोणी भापकरच्या एका बाईची कमेंट आली होती, आठवतं? 'आमची गाय फक्त सासूबाईंनाच दूध देते. सासूबाई आता अंथरुणाला खिळल्यात. मी बसले की ती पान्हा चोरते. काय करू?' आणि धार थांबली. तुम्ही नुसतंच म्हणालात, "पुढची वाच." पण दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी धुऊन तयार. "सासूचं लुगडं नेसून बस, बाई. गाय वासानं माणूस वळखती," हा आपला व्हिडिओ किती गावांत गेला! त्या बाईनं नंतर लिहिलं होतं की गाय पान्हावली आणि सासूबाई खाटेवर पडून हसल्या.

तेव्हापासून मी कमेंटी मोजायच्या बंद केल्या. धार थांबली की विषय मिळाला. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम धार चालू ठेवली असती. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का?

आणि तो भावी सरपंच! हे त्याचं चॅनलवरचं नाव, खरं नाव देव जाणे. प्रत्येक व्हिडिओखाली त्याची शिवी ठरलेली. 'म्हाताऱ्या, गप घरी बस.' 'तुला गाईतलं काय कळतंय, तुझ्या बापानं पाळल्या होत्या का?' मी त्याला ब्लॉक करायला निघाले तर तुम्ही दुधाचा हात वर केलात. "थांब. वा वा म्हननारा मधीच उठून जातो. शिव्या देणारा शेवटपतूर बगतो. शिवीला शेपूट असतंय, पोरी. त्ये धर." मी कपाळाला हात लावून त्याची कमेंट शेवटपर्यंत वाचली. शेवटी खरंच होतं, 'एवढा शहाणा आहेस तर सांग, माझी कालवड गाभण का राहत नाही?' धार थांबली. तुम्ही त्याच्यासाठी व्हिडिओ केलात आणि कॅमेऱ्यात बघून म्हणालात, "राम राम, भावी सरपंच. कालवड कशी हाय?" त्यानं पुढच्या वेळी पुन्हा शिवी दिली, पण जरा मऊ.

मला वाटायचं, ज्या माणसाला शिवी गोड लागते त्याला काहीच लागणार नाही. मग त्या संध्याकाळी ती कमेंट आली.

नाव होतं 'वाघ एकटाच'. तुम्ही लगेच टिंगल केलीत, "वाघानं गाय पाळलीया? भलताच इस्वासू वाघ दिसतुया." मीही हसत हसतच पुढं वाचायला घेतलं. 'आप्पा, मी इंदापूरकडचा. तुम्ही दाखवलं तसंच गाईला तेल पाजलं. ती खोकायला लागली. दोन दिवस खोकली आणि गेली. तुमची चूक नाही. पण माझं काय चुकलं तेवढं एकदा सांगा.'

आप्पा, धार थांबली. अशी थांबली की ठकीनं मान वळवून तुमच्याकडं पाहिलं.

"परत वाच," तुम्ही म्हणालात. मी परत वाचली.

"खोटं हाय. जळतंय कोनतरी आपल्यावर."

"खोटं बोलणारा 'तुमची चूक न्हाय' असं लिवतो व्हय, आप्पा?"

तुम्ही पुन्हा आचळ धरलंत, पण असं ओढलंत की ठकीनं पाय आपटला. मी तिथंच फोनवर तो व्हिडिओ लावला. तुम्ही बघायला तयार नव्हता, मी बादलीसमोर फोन धरला. व्हिडिओत तुम्ही ठकीचं तोंड धरून मान चांगली उंच उचललीय आणि बाटली घशात रिकामी केलीय. कॅमेऱ्यासमोर कुणीही जरा जास्तच करतो, तुम्हीही केलंत. ठकीला काही झालं नाही, कारण तुमचा डावा अंगठा तिच्या घशावर होता. घोट उतरला की तुमच्या अंगठ्याला कळत होतं, नाही उतरला की बाटली आपोआप थांबत होती. पण तो अंगठा कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला. बघणाऱ्याला काय दिसलं? उंच केलेली मान आणि उलटी केलेली बाटली. त्यानं तेच केलं आणि तेल गेलं पोटाऐवजी फुप्फुसात.

"ठसका लागला की सोडावं, येवडं बी कळंना त्येला?"

"तुमी सांगितलंय कुठं त्यात?"

"ह्ये काय सांगायचं असतंय? बाप शिकवतो."

"आन् ज्येला बाप न्हाय त्येनं?"

"त्येनं गाय पाळू न्हये!"

असं कधी बोलला नव्हता तुम्ही. मीही मग ऐकलं नाही. म्हटलं, दोन मिनिटांचा दुसरा व्हिडिओ करू, मान कुठवर धरायची, अंगठा कुठं ठेवायचा. तुम्ही म्हणालात, "म्हंजी आप्पा चुकला, आसं गावभर सांगायचं?" मी म्हटलं, "चुकला न्हाय. आप्पाचं सांगायचं राहिलं, आसं सांगायचं." तुम्ही बादली उचललीत, दाराशी थांबलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "उद्या बगू."

तुमच्या 'बगू'चा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता. नाही. आणि 'उद्या' म्हणालात की ते काम झालंच म्हणून समजायचं. पण 'उद्या बगू' हे मी तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. हो की नाही, एवढं विचारायला मी तुमच्या मागं आले नाही. वाटलं, उद्या आहे की.

उद्या उजाडला. तुम्ही वैरण टाकलीत आणि गव्हाणीला धरून खाली बसलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. जीप बारामतीला पोचायच्या आधीच माझ्या मांडीवरचं तुमचं डोकं जड झालं होतं. संदीप एमआयडीसीतून, डेअरीच्या कामावरून तसेच मोटरसायकलवर आले. डोक्यावरची कंपनीची टोपी काढायचंसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं. तुमचा मुलगा आहे आप्पा, तुमच्यासारखाच, रडायचं असेल तर भिंतीकडं तोंड करून.

घर पाहुण्यांनी भरलं होतं तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरात बायका बसलेल्या, मी फोन घेऊन मागच्या दाराला. कुणीतरी लिहिलं होतं, 'गाय टम्म फुगलीय. तेल आणलंय. आप्पांचा व्हिडिओ लावून पाजतोय.' मी लिहिलं, 'मान उंच धरू नका. नाक डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका. थोडं थोडं पाजा, ठसका आला की लगेच सोडा. आधी डॉक्टरांना फोन करा.' पाठवलं आणि उत्तराची वाट बघत बसले. उत्तर आलं, पण दुसऱ्याच कुणाचं. 'आप्पा??? तुम्ही तर वारला होता ना?'

माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. चॅनलवर फोटो तुमचा. मी काहीही लिहिलं तरी ते तुमच्या तोंडून जातं. तासाभरात अख्ख्या भावकीत ते फिरलं आणि सासरहून आलेल्या तुमच्या लेकीनं, अक्कांनी, मला बायकांच्यात धरलं. "वैशाली, आप्पाची राख गार झाली न्हाय आन् तू त्यांच्या नावानं बोलायलीस? भुताटकी मांडलीस व्हय?" मी गाईचं सांगायला गेले, पण तुम्हीच सांगा, सुतकाच्या घरात दुसऱ्याच्या गाईचं कोण ऐकून घेणार! तो माणूस पुन्हा काही लिहायला आला नाही. त्याच्या गाईचं काय झालं ते मला अजून माहीत नाही. मी रोज त्याचं नाव शोधते.

त्या दिवशी मी संदीपना म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाकू. त्यांनी फोन घेतला, तो व्हिडिओ लावला आणि शेवटाकडं नेला. तेल पाजून झाल्यावर ठकी तुमचा कान चाटते, टोपी खाली पडते आणि तुम्ही हसता. ते त्यांनी मला ऐकवलं. "आईचा निस्ता एक फोटो हाय," ते म्हणाले. "आप्पाचं हसणं येवढंच हाय. त्ये बी पुसू?"

माझ्या एका बाजूला तुमचं हसणं आणि दुसऱ्या बाजूला कुणाकुणाच्या गाई. मधल्या मध्ये मी, जिला त्या व्हिडिओत कुणी कधी पाहिलेलंच नाही.

मग दहावा. नदीच्या घाटावर पिंड ठेवले आणि सगळे मागं सरकून उभे राहिले. बाभळीवर कावळे होते, पण एक खाली येईना. ऊन चढायला लागलं. अक्का पुढं झाल्या, "आप्पा, माझी काळजी करू नका." कावळा नाही. संदीप म्हणाले, "ठकीला इकणार न्हाय." एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत फांदीवर. मागून कुणीतरी पुटपुटलं, कशात तरी जीव अडकलाय. मी पदर तोंडावर धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, मला माहीत आहे कशात अडकलाय. बोलावं का? सगळ्या भावकीसमोर, आप्पा, तो दुसरा व्हिडिओ करते म्हणून? शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. तेवढ्यात संदीपनी हात जोडले आणि ओरडून म्हणाले, "आप्पा, तुमचा त्यो पोटफुगीचा व्हिडिओ कवाच काढणार न्हाय!"

आणि कावळा आला. सरळ आला आणि चोच घातली.

"शिवला! शिवला!" सगळे सुटल्यासारखे झाले. अक्कांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी जन्मात विसरणार नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की आप्पाचा जीव व्हिडिओत अडकला होता.

तुमच्यावर इतकी मी कधी चिडले नव्हते. सासूबाई गेल्या तेव्हा कावळा क्षणात शिवला, तर तुम्ही माझ्या कानात काय म्हणाला होता? "भुकेला आसंल." उभ्या जन्मात कावळ्यावर विश्वास ठेवला नाहीत, आणि आता माझ्या बाजूनं बोलायची वेळ आली तर निरोप धाडला तोही त्याच भुकेल्याच्या तोंडून? कावळा शिवला ते सगळ्या गावानं पाहिलं. धार थांबली ते मी एकटीनं ऐकलं. गोठ्यात तिसरी होती ती ठकी, आणि तिची साक्ष कोण काढणार?

त्या रागातच मला एक आठवलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. मी लग्न होऊन आले तेव्हाचं. इंदापुरात माझ्या वडलांचं वह्या-पेनांचं दुकान, गाय मी पाहिली ती रस्त्यात आडवी बसलेली. इथं कोऱ्हाळ्यात आले आणि गोठ्याच्या दारातून पुढं पाऊल पडेना. बायका हसायच्या. तुम्ही हसला नाहीत. एक दिवस ठकीला औषध पाजताना मला हाक मारलीत. सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा नाही म्हणून माझ्या हाताऐवजी बांगडी धरलीत, बांगडीनं हात ओढून ठकीच्या घशावर नेलात आणि म्हणालात, "आंगठा हितं ठेव. आता गप ऱ्हा. कळतुया का घोट?" कातडीखालून काहीतरी गुडगुडत खाली गेलं. मी ओरडलेच, कळला, कळला! तुम्ही म्हणालात, "झालं. आता तू कोऱ्हाळ्याची."

बाप शिकवतो म्हणालात ना त्या संध्याकाळी? मला माझ्या बापानं नव्हतं शिकवलं, आप्पा. तुम्ही शिकवलंत. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही. भांडताना नेमकं चांगलं वाक्य मागं राहतं.

पण ते मला दुसरीकडं उपयोगी पडलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले. सकाळी संदीप कामावर निघाले होते, गाडीला किल्ली लावलेली. मी गूळपाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "जरा ठकीला पाजा."

"मी? मला उशीर हुतोय."

"दोन मिन्टं. तुमी आप्पाचं ल्योक ना?"

तो टोमणा त्यांना लागला. तरातरा गोठ्यात आले, ठकीचं तोंड धरलं आणि मान उचलली. उंच, अगदी उंच, व्हिडिओत तुम्ही धरलीय तश्शी. बाटली लावली. पहिलाच घोट आत गेला आणि ठकी खाकरली. दुसरा ठसका असा आला की डोळे पांढरे झाले तिचे. मी बाटली हिसकावून घेतली, त्यांनी मान सोडली. ठकी खाली मान घालून खोकत राहिली आणि आम्ही दोघं तिच्याकडं बघत उभे राहिलो. तेवढा वेळ, आप्पा, मलाही वाटलं की मी हे काय करून बसले. मग ती थांबली, फुरफुरली आणि गव्हाणीत तोंड घातलं.

संदीपचा चेहरा उतरला होता. "मी तर आप्पानी दावलंय तसंच केलं," ते म्हणाले.

"इंदापूरच्या त्या पोरानं बी तसंच केलं हुतं. तुमाला तर बाप हुता. आप्पानी कवा शिकवलं तुमाला?"

दहावी झाल्यावर ते आधी शिकायला बारामतीला, मग एमआयडीसी, मग दिवसपाळी-रातपाळी. गोठ्यात ते असायचेच कधी, आणि तुम्हीही त्यांना कधी हाक मारली नाहीत. पोराच्या हाताला शेण लागू नये असं तुम्हालाच वाटायचं. ते म्हणाले, "न्हाय शिकवलं," आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी त्यांचा अंगठा धरला आणि ठकीच्या घशावर ठेवला. बांगडी नव्हती धरायला, आणि मला गरजही नव्हती. ठकीची मान सरळ ठेवली आणि कडेनं, गालातून, घोटभर पाणी सोडलं. "कळतुया का?" त्यांनी मान हलवली. भिंतीकडं बघतच हलवली.

त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. दुपारी म्हणाले, "आप्पाचा व्हिडिओ ऱ्हाऊ दे. मी शब्द दिलाय. पर तुझा बी कर."

मी म्हटलं, फोन तुम्हीच धरा. मला सवय फोनच्या मागं उभं राहायची. पुढं उभी राहिले तर पदर कुठं घ्यावा ते कळेना. शेवटी ठकीनं मला ढुशी दिली आणि मी बोलायला लागले. 'राम राम' म्हटलं नाही, ते तुमचं. म्हटलं, मी आप्पांची सून. त्यांच्या व्हिडिओत एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगते. मान सरळ. नाक डोळ्यांच्या खाली. जीभ ओढायची नाही. अंगठा इथं. ठसका आला की सोडायचं, आणि तेल पाजलं तरी डॉक्टरांना बोलवायचंच. मग मी म्हटलं, इंदापूरकडच्या एका माणसानं आप्पांना विचारलं होतं की माझं काय चुकलं. दादा, तुमचं काही चुकलं नाही. जे दिसलं ते तुम्ही केलं. जे दिसलं नाही ते आज दाखवतेय.

पोटफुगीचा व्हिडिओ आहे तिथंच आहे, तुमच्या हसण्यासकट. त्याच्याखाली सगळ्यांत वर आता त्या वाघाची कमेंट लावून ठेवलीय, आणि तिला उत्तर म्हणून माझा व्हिडिओ. म्हणजे जो कुणी तुम्हाला बघायला येईल त्याला आधी त्याचा प्रश्न दिसेल. वाघानं त्याखाली एकच शब्द लिहिला, 'कळलं.' अक्का माझ्याशी अजून बोलत नाहीत. गावातही काही तोंडं वाकडी आहेत, होतील सरळ.

हे सगळं तुम्हाला कळवायला काल लिहायला बसले होते, पण पुरं झालं नाही, कारण धारा काढायची वेळ झाली. आता ठकीच्या खाली मी बसते. संदीप लवकर आले की पेंडीच्या पोत्यावर बसून मला कमेंटी वाचून दाखवतात. काल त्यांनी एक वाचायला घेतली आणि मध्येच थांबले.

"काय झालं?"

"त्यो भावी सरपंच. ब्लॉक करतो त्येला."

"वाचा."

"'सासरा जाऊन महिना झाला नाही आणि सून त्याच्या चुका काढायला लागली. लाज वाटू दे. म्हाताऱ्याची सर येणार नाही तुला. डोक्यावर पदर घे आणि घरात बस.'" त्यांचा आवाज तापला होता. "बास का?"

"शेवटपतूर वाचा."

"शेवटाला काय आसणार, शिव्याच आसत्याल."

"वाचा तुमी."

त्यांनी बोटानं कमेंट वर सरकवली. मी धार चालूच ठेवली होती. मग ते हळू आवाजात वाचायला लागले.

"'अंगठा नक्की कुठं ठेवायचा ते नीट दिसलं नाही. पुन्हा एकदा दाखव. माझा पण बाप गेलाय.'"

बादलीतला आवाज बंद झाला. ठकीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"का गं?" संदीप म्हणाले. "का थांबलीस?"

मी नव्हते थांबले, आप्पा. हात आपले आपण थांबले होते.